व्होल्टेज पडलं की मोटरचा करंट का वाढतो? ओहमचा नियम वावरात कसा वाचायचा

आर्णीकडच्या एका मुलाचा प्रश्न आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात त्याला शिकवलं की व्होल्टेज वाढलं की करंट वाढतो आणि व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. घरच्या विहिरीवर मात्र उलटं दिसतं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, की स्टार्टरवरच्या अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा वर चढतो. दुसरं, १०० वॅटचा बल्ब मल्टीमीटरने मोजला तर ३८ ओहम दाखवतो आणि गणित करावं (२३० चा वर्ग भागिले १००) तर ५२९ येतात. त्याचं म्हणणं, "नियम खरा धरू की मीटर?"

बेटा, दोन्ही खरे धर. तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चूक एवढीच की मोटर आणि बल्ब या दोन्ही वस्तूंना तू साधा रेझिस्टर समजलास.

ओहमचा नियम म्हणतो की एखाद्या वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज म्हणजे तिच्यातून जाणारा करंट गुणिले तिचा रेझिस्टन्स. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो हे वाक्य मात्र त्या वस्तूचा रेझिस्टन्स तेवढाच राहत असेल तरच लागू पडतं. पुस्तकात ही अट "तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना" अशी एका ओळीत येते आणि परीक्षेसाठी पाठ करताना नेमकी तीच ओळ सुटते. माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी ती ओळ वाचायला लावतो.

नियम पाळणारी वस्तू घरातच आहे, पाणी तापवायचा रॉड. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स साधारण ३५ ओहम. व्होल्टेज १८० वर आलं तर करंट ५.१ वर येतो. आत नायक्रोमची तार असते आणि ती तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही, म्हणून हिशोब जुळतो. पण वॅट बघ. १८० गुणिले ५.१ म्हणजे ९१८. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने पडलं आणि उष्णता मात्र जवळपास ४० टक्क्यांनी गेली, कारण व्होल्टेजही घटलं आणि करंटही घटला. हिवाळ्यात सकाळी "आज पाणी तापतच नाही" म्हणतात त्यामागे हेच आहे. रॉड बदलून उपयोग नाही.

आता बल्ब. तुझ्या मल्टीमीटरने थंड बल्ब मोजला. मल्टीमीटर स्वतःच्या बॅटरीतून एवढासा करंट सोडतो की फिलामेंट कोमटसुद्धा होत नाही. तोच बल्ब २३० वर लागला की टंगस्टनची ती तार अडीच हजार अंशांच्या आसपास जाते. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि इथे तो तेरा-चौदा पटीने वाढला. तुझे ३८ थंड तारेचे, ५२९ पेटलेल्या तारेचे. म्हणूनच जुने बल्ब बटण दाबल्या क्षणी उडायचे. त्या पहिल्या क्षणी तार थंड असते आणि करंट कितीतरी पट जास्त धावतो.

तांब्याचंही असंच होतं, प्रमाण कमी. दर अंशाला रेझिस्टन्स साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोटर बंद केल्या केल्या वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तांब्याची तार, मोजलं आणि थंड असताना ४ ओहम असलेलं ते ५ च्या जवळ दिसलं, तर ते साठ-पासष्ट अंशांनी तापलं होतं हे हात न लावता कळतं. आमच्या धंद्यात हा हिशोब रोजचा आहे.

मोटरकडे येण्याआधी एक प्रयोग सांगतो, तो घरी कर. पांढरा सिमेंट रेझिस्टर घे, १०० ओहम, ५ वॅट. टॉर्चचे सेल घे आणि फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घे. मल्टीमीटर मिलिअ‍ॅम्पिअरवर ठेवून रेझिस्टरच्या सिरीजमध्ये लाव. एका सेलवर १५ मिलिअ‍ॅम्पिअर दिसतील, दोनवर ३०, चारवर ६०, बॅटरीवर १२०. सेल नवे-जुने असतील तर आकडे थोडे मागेपुढे होतील, म्हणून प्रत्येक वेळी रेझिस्टरच्या टोकांवरचं व्होल्टेजही मोजून लिही. कागदावर बिंदू मांडलेस तर सरळ रेघ येईल आणि ती शून्यातून जाईल. मग रेझिस्टर काढून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लाव. लाल प्रोब १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात घालायला विसरू नकोस. १२ व्होल्टवर पावणेदोन अ‍ॅम्पिअर येतील. चार सेल लावून ६ व्होल्ट दिलेस तर निम्मे येतील असं वाटेल, पण येतील सव्वा अ‍ॅम्पिअरच्या आसपास. रेघ वाकली. बल्बची वाकडी आणि रेझिस्टरची सरळ रेघ शेजारी शेजारी बघितलीस की अर्धा धडा झाला. हा प्रयोग बॅटरीवरच करायचा, २३० वर नाही. आणि झाल्यावर प्रोब परत व्होल्टच्या भोकात घालायचा. अ‍ॅम्पिअरच्या भोकात राहिलेला प्रोब लाईनला लावणं म्हणजे मीटरमधून सरळ शॉर्ट करणं. या चुकीने हात भाजलेले मी पाहिले आहेत.

मोटरचं प्रकरण वेगळं आहे. १ एचपीच्या सिंगल फेज मोटरचं रनिंग वाइंडिंग मोजलं आणि समज ४ ओहम आलं. २३० भागिले ४ म्हणजे ५७ अ‍ॅम्पिअर, आणि पाटीवर लिहिलेले असतात सातच्या आसपास. बाकीचा करंट कोण अडवतो? एक, एसी करंटला कॉइल स्वतः अडवते. दोन, आणि इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, फिरणारी मोटर स्वतः आतून उलटं व्होल्टेज तयार करते. लाईनचं व्होल्टेज आणि ते उलटं व्होल्टेज यांच्यातला जो फरक उरतो त्याच्या मानानेच करंट आत जातो. पंपाला विहिरीतून पाणी वर फेकायचं असतं आणि ते काम लाईनचं व्होल्टेज पाहून कमी होत नाही. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो. व्होल्टेज १० टक्के पडलं तर जोर १९ टक्के पडतो. जोर कमी आणि ओझं जवळपास तेवढंच, म्हणून रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, थोडा मागे पडतो, मागे पडला की त्यात जास्त करंट तयार होतो, आणि तो पुरवायला स्टेटर, म्हणजे बाहेरचा स्थिर भाग, लाईनमधून जास्त ओढतो. तुझा काटा वर चढतो तो यामुळे.

ही मोटर गाळाने जाम झाली आणि फिरलीच नाही, तर ती ओहमचं ऐकायला लागते. उभ्या मोटरला व्होल्टेज कमी दिलं तर करंट त्या मानाने कमीच येतो. सुरू होतानाचा करंट चालू करंटाच्या पाच-सहा पट असतो तोही म्हणूनच, कारण त्या क्षणी फिरणं सुरू झालेलं नसतं आणि उलटं व्होल्टेज तयार झालेलं नसतं.

आता तुझ्या प्रश्नात नसलेली गोष्ट सांगतो, पण सगळ्यात कामाची हीच आहे. तुझ्या वावरात एक खरा, ओहमचा नियम तंतोतंत पाळणारा रेझिस्टर आहे आणि कोणी त्याला रेझिस्टर म्हणत नाही. तो म्हणजे मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत गेलेली वायर.

काही वर्षांपूर्वी, हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते, एका शेतकरी भाऊंची दीड एचपीची मोटर माझ्याकडे महिनाभरात दोनदा जळून आली. मी दोनदा भरून दिली, म्हणजे नवं वाइंडिंग करून दिलं. तिसऱ्यांदा ते चिडूनच आले. "भाऊ, मोटरच खराब हाये, नाहीतर दोनदा काऊन जळली असती?" मला माझ्या कामाची खात्री होती, पण दोन वेळा त्यांचे पैसे आणि पाण्याची पाळी गेली होती हेही खरं होतं. मोटर भरून घेऊन मी त्यांच्यासोबत वावरात गेलो.

मोटर बंद असताना पेटीवर २१४ व्होल्ट आणि विहिरीवर स्टार्टरलाही २१४. ते म्हणाले, "पाह्यलं? लाईन तर बरोबर हाये." मोटर सुरू केली. पेटीवर २०५ झाले. स्टार्टरवर १६६. मोटरच्या पाटीवर साडेनऊ अ‍ॅम्पिअर लिहिलेले, क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) साडेबारा दाखवत होता.

इथे थांबून विचार कर. करंट शून्य असताना वायरमध्ये एक व्होल्टही खर्च होत नाही, कारण शून्य गुणिले काहीही शून्यच. म्हणून रिकाम्या वायरवर व्होल्टेज मोजून लाईन चांगली आहे असं कधीही ठरवू नये. मोटर ओढत असतानाच मोजायचं, आणि दोन्ही टोकांना मोजायचं.

वायर होती अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची. अशा लवचीक वायरचा रेझिस्टन्स दर किलोमीटरला साधारण ८ ओहम. अंतर २०० मीटर, पण करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणून हिशोबात ४०० मीटर. झाले ३.२ ओहम. साडेबारा अ‍ॅम्पिअरला ४० व्होल्ट वायरनेच खाल्ले. वॅटमध्ये पाहिलं तर ५००. हरभऱ्याला एक थेंब पाणी न देता ५०० वॅटची शेगडी दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पेटलेली, आणि ती मीटरमध्ये मोजली जात होती.

मग आम्ही वायर धरून चालत निघालो. धुऱ्यावर, पळसाच्या बुडाशी एक जोड होता. तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याला नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप कडक होऊन तडकली होती, आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड. दोन्ही बाजूंना प्रोब टेकवून मोटर चालू असताना मोजलं तर त्या चार बोटांच्या जोडावर ६ व्होल्ट. ६ भागिले साडेबारा म्हणजे जवळपास अर्धा ओहम. लांबीने पाहिलं तर तेवढ्या रेझिस्टन्ससाठी साठ मीटर चांगली वायर लागली असती. आणि ७५ वॅट उष्णता, म्हणजे माझ्या दुकानातल्या मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी, वाळलेल्या गवतात. त्या दिवशी मला मोटरपेक्षा त्या गवताची धास्ती जास्त वाटली.

तू हुशार आहेस, बेरीज करशील. वायरचे ४० आणि जोडाचे ६, झाले ४६. पण मीटरने दाखवलेला फरक २०५ वजा १६६ म्हणजे ३९. सात व्होल्ट कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे चालतो. वायरवरचं व्होल्टेज करंटासोबत चालतं आणि मोटरवरचं व्होल्टेज त्याच्या पुढे. दोन्ही एका वेळी शिखरावर येत नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्रिकोणाच्या दोन बाजू जोडून गेलं तर जेवढं चालावं लागतं त्यापेक्षा तिसरी बाजू लहान असते, तसंच हे. दुसऱ्या वर्षाला पॉवर फॅक्टर शिकशील तेव्हा हे सात व्होल्ट आठव. रॉडसारखं साधं ओझं असतं तर फरक पूर्ण ४६ दिसला असता.

मोटर का जळत होती ते आता उघड आहे. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. साडेनऊच्या जागी साडेबारा म्हणजे उष्णता पावणेदोन पट. मोटर कोणत्याही कंपनीची असती तरी तारेवरचा इनॅमलचा थर जळालाच असता. आम्ही पूर्ण लांबी सहा स्क्वेअर एमएमची टाकली, मधे एकही जोड ठेवला नाही, दोन्ही टोकांना थिंबल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबून बसवले. त्या वायरचा दर किलोमीटरला रेझिस्टन्स ३.३ ओहम, म्हणजे ४०० मीटरला १.३. करंटही दहाच्या आसपास आला, वायरवरचा खर्च १३ व्होल्टवर. वायर महाग पडली खरी, पण दोन वेळच्या रिवाइंडिंगचे पैसे आधीच गेले होते. मीसुद्धा पहिल्याच वेळी वावरात जायला पाहिजे होतं. तेव्हापासून एकच मोटर एका हंगामात दुसऱ्यांदा आली तर वायर मोजल्याशिवाय मी ती भरत नाही.

डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, तुझ्या पेटीपर्यंतची लाईनही असाच रेझिस्टर आहे. फरक एवढाच की तिच्यातून सगळ्या शेजाऱ्यांचा करंट जातो, म्हणून त्यांची मोटर सुरू झाली की तुझं व्होल्टेज पडतं. ओहम यांना स्वतःला याच अडचणीने फसवलं होतं. गेओर्ग ओहम हे जर्मनीत कोलोनला शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. १८२५ मध्ये त्यांनी त्या काळच्या रासायनिक बॅटरीवर प्रयोग केले आणि चुकीचं सूत्र हाती आलं, कारण करंट घेतला की बॅटरीचंच व्होल्टेज ढळायचं. पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की थर्मोकपल वापरा, म्हणजे तापमानाच्या फरकावर व्होल्टेज देणारा दोन धातूंचा जोड. मग बिस्मथ आणि तांब्याचा जोड, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. व्होल्टेज अगदी थोडं, पण स्थिर. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्यांनी नियम काढला आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. सुरुवातीला त्यांच्याच देशात त्याची कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोपले पदक दिलं. वर्गात सूत्र एका मिनिटात फळ्यावर येतं, म्हणून हे सांगितलं. मोजताना स्रोत स्थिर नसेल तर ओहम यांचाही हिशोब चुकला होता.

दुकानात आम्ही हाच नियम संरक्षणासाठीही वापरतो. दुरुस्त केलेली इस्त्री किंवा मिक्सर पहिल्यांदा थेट लाईनला लावत नाही, सिरीज बोर्डावर लावतो, मधे २०० वॅटचा बल्ब. आत पूर्ण शॉर्ट असला तरी बल्ब ०.८७ अ‍ॅम्पिअरच्या वर करंट टिकू देत नाही, तो स्वतः पूर्ण पेटून सांगतो. थंड बल्बचा रेझिस्टन्स कमी आणि तापल्यावर जास्त, हा जो गुण तुला गोंधळात टाकत होता तोच इथे कामाला येतो.

अर्थिंगबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा गेला की त्याचा रेझिस्टन्स चढतो. समज तो २० ओहम झाला आणि मोटरच्या बॉडीला फेज टेकला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अ‍ॅम्पिअर, आणि डीपीच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स मिळवला तर त्याहूनही कमी. पेटीतला किटकॅट फ्यूज १६ अ‍ॅम्पिअरचा. तो उडणारच नाही. फ्यूज शाबूत, मोटर चालू, आणि पंपाची बॉडी जिवंत. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे अंगातून जवळपास पाव अ‍ॅम्पिअर जाऊ शकतो. माणूस जायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. रात्रीच्या लाईनला ओलीत करायला गेलेला माणूस चिखलात अनवाणी उभा असतो, हे मी वेगळं सांगायला नको. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पेटीत बसवून घ्या. तो फ्यूजसारखी साडेअकरा अ‍ॅम्पिअरची वाट पाहत नाही, ०.०३ अ‍ॅम्पिअर वाट चुकले की लाईन तोडतो. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहा.

तुझ्या विहिरीवर आता असं कर. मोटर बंद असताना आणि चालू असताना पेटीवरचं आणि स्टार्टरवरचं व्होल्टेज घे, सोबत चालू करंट. आयटीआयमधून क्लॅम्प मीटर मिळत असेल तर तो आण, आणि पेटी उघडताना घरातल्या मोठ्या माणसाला किंवा वायरमनला सोबत ठेव, पायात कोरडी चप्पल. वायरची जाडी बाहेरच्या आवरणावर छापलेली असते आणि अंतर पावलांनी मोजलंस तरी चालेल. थ्री फेज मोटर असेल तर दोन फेजमधलं व्होल्टेज तिन्ही जोड्यांचं घे. तिथे गणित थोडं बदलतं, एका तारेवरच्या खर्चाला १.७३ ने गुणावं लागतं. पेटी आणि स्टार्टरमधला फरक दहा-बारा व्होल्टच्या आत असेल तर तुझी वायर ठीक आहे, व्होल्टेज डीपीकडूनच पडतंय, आणि मग अर्ज वीज कार्यालयात द्यायचा. फरक तीस-चाळीस दिसला तर अर्जाआधी धुऱ्यावरून वायर धरून चाल आणि टेप गुंडाळलेली प्रत्येक जागा, मेन स्विच बंद करून, सोडून बघ.